शेऱ्याच्या रकान्याचं मासिक भाडं

एक्सेलच्या तक्त्याचं जेसनमध्ये, म्हणजे संगणकांनी एकमेकांना माहिती द्यायच्या साध्या मांडणीत, रूपांतर करणं हे संगणकाच्या दृष्टीनं अगदीच किरकोळ काम आहे. पहिल्या ओळीतली नावं उचलायची, खालच्या प्रत्येक ओळीतल्या नोंदींना ती चिकटवायची, महिरपी कंस घालायचे आणि मोकळं व्हायचं. प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेल्या पोरांना हा गृहपाठ म्हणून देतात. तरीही हे काम करून देणाऱ्या बऱ्याच साधनांच्या संकेतस्थळावर 'दर' नावाचं एक पान असतं आणि त्या पानावर तीन चौकटी असतात. डावीकडे 'मोफत'. मध्ये 'प्रो', आणि तिच्या डोक्यावर 'सर्वाधिक लोकप्रिय' अशी पट्टी. उजवीकडे 'एंटरप्राइझ', जिथं किमतीच्या जागी फक्त 'आमच्याशी बोला' एवढंच लिहिलेलं असतं. पोराटोरांच्या गृहपाठासाठी दरमहा पैसे मोजणारी माणसं कोण आणि ती नेमके कशाचे पैसे मोजतात? माझं म्हणणं असं, की रूपांतराचे पैसे कुणीच देत नाही. पैसे जातात ते आपण तक्त्यात जे काही करून ठेवलेलं असतं ते निस्तरण्याचे. प्रगत सुविधांची ती लांबलचक यादी आपण साधनाच्या कर्तबगारीची जंत्री म्हणून वाचतो. खरं तर ते आपल्या सवयींवर ठेवलेलं आरोपपत्र असतं, कलमवार आणि दंडाच्या रकमेसकट.

जेसन हे एखाद्या इंग्रजी सिनेमातल्या नायकाचं नाव असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी महिन्याच्या दहा तारखेला रात्री आपल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात डोकवावं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गल्लीबोळातल्या अकाउंटंटांची जेसनशी ओळख झाली. विक्रीची बिलं एक्सेलमध्ये भरायची, सरकारच्या ऑफलाइन टूलमध्ये ओतायची, तिथून जेसन फाइल काढायची आणि पोर्टलवर चढवायची. दर महिन्याच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत अकरा तारखेची, म्हणून हे सगळं दहा तारखेच्या रात्री. १ एप्रिल २०१८ ला मालवाहतुकीचं ई-वे बिल आलं, त्याचीही घाऊक बिलं काढायची तर पुन्हा एक्सेलमधून जेसन. आता गंमत अशी, की हे सरकारी टूल फुकट आहे. त्यात 'प्रो' नाही आणि लोकप्रियतेची पट्टीही नाही. सरकारला पैसे घ्यायचा कंटाळा आहे असं कुणी म्हणणार नाही, तेव्हा कारण दुसरंच असणार. कारण असं, की तक्ता सरकारनंच ठरवून दिलेला आहे. जीएसटीआयएन कुठल्या रकान्यात, तारीख कशी लिहायची, राज्य कसं लिहायचं, हे सगळं आधीच बांधून टाकलेलं. राज्याच्या जागी '२७-महाराष्ट्र' हेच इंग्रजीत, त्याच रूपात लिहायचं. तिथं हौसेनं 'महा.' लिहिलंत तर टूल हुज्जत घालत नाही, सरळ नाकारतं. सेल मर्ज करायला वाव नाही, रंगाला अर्थ नाही आणि शेऱ्याला रकानाच नाही. जिथं तक्ता शिस्तीत असतो तिथं रूपांतर फुकट होतं, हा माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा.

आता दुसऱ्या टोकाचा तक्ता घेऊ. कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत, सहकारी संस्थेत किंवा शाळेत सापडेल असा. वरच्या ओळीतले सगळे सेल मर्ज करून मधोमध ठळक अक्षरांत 'प्रपत्र-ब'. त्याखाली पुन्हा सगळे सेल मर्ज करून 'सन २०२३-२४ मध्ये वैयक्तिक लाभाच्या योजनेंतर्गत लाभ दिलेल्या लाभार्थ्यांची गावनिहाय माहिती दर्शविणारे विवरणपत्र'. उजव्या कोपऱ्यात कंसात 'रक्कम रुपयांत'. मग शीर्षकांची ओळ, पण ती एक नव्हे, दोन. वर 'मंजूर रक्कम', तिच्या पोटात 'पहिला हप्ता', 'दुसरा हप्ता' आणि 'एकूण'. त्याखाली सरकारी तक्त्यांची ती खास ओळ, जिच्यात प्रत्येक रकान्याला १, २, ३, ४ असे क्रमांक दिलेले असतात. यानंतर कुठं माणसं सुरू होतात. गावाचं नाव पहिल्या लाभार्थ्यापुढे एकदा, बाकीच्यांपुढे '—॥—'. ज्याला हप्ता मिळाला नाही त्याच्या रकमेच्या जागी 'निरंक'. दर गावानंतर 'एकूण'. काही ओळी पिवळ्या, ज्यांचा अर्थ फक्त तक्ता भरणाऱ्या मोरे भाऊसाहेबांना ठाऊक आणि त्यांची बदली झालेली. शेवटच्या 'शेरा' या रकान्यात 'कागदपत्रे अपूर्ण', 'मयत, वारस नोंद करणे', 'फोन लागत नाही' आणि एका ठिकाणी नुसतंच 'पाहणे'. तळाला सहीसाठी चार ओळी मोकळ्या सोडून अधिकाऱ्याचं पदनाम.

हा तक्ता फुकटच्या रूपांतरात घातला की यंत्र आपलं काम प्रामाणिकपणे करतं, आणि तिथंच घोटाळा होतो. पहिल्या ओळीत नावं असतात हा त्याचा समज, म्हणून पहिल्या रकान्याचं नाव 'प्रपत्र-ब' पडतं आणि बाकीच्या रकान्यांना नावच उरत नाही. पहिला लाभार्थी म्हणजे ते दीड ओळीचं विवरणपत्र. त्यानंतर '१' नावाचा एक लाभार्थी, ज्याला '५' रुपयांचा पहिला हप्ता आणि '६' रुपयांचा दुसरा हप्ता मिळालेला आहे. पुढं '—॥—' नावाचं एक गाव लागतं, ज्याची लोकसंख्या तालुक्यात सर्वाधिक आहे. आणि 'एकूण' नावाचा एक इसम प्रत्येक गावात राहतो, प्रत्येक गावात त्याला सगळ्यांपेक्षा जास्त रक्कम मिळालेली आहे, आणि सगळ्या गावांची बेरीज केली की नेमका निम्मा पैसा त्याच्या एकट्याच्या नावावर निघतो. लेखापरीक्षकानं नुसतं जेसन वाचलं तर 'एकूण' यांच्यावर तातडीनं गुन्हा दाखल करावा लागेल. यंत्राचं यात काही चुकलेलं नाही. माणसाच्या डोळ्याला जे न सांगता कळतं ते तक्त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

आता हा तक्ता एका हातात आणि दरपत्रक दुसऱ्या हातात धरून वाचा. 'बहुस्तरीय शीर्षकं ओळखणे' हे आपल्या दुमजली शीर्षकाचं कलम. 'मर्ज केलेले सेल भरून घेणे' हे गावाच्या नावाचं. 'बेरजेच्या ओळी वगळणे' हे 'एकूण' यांच्या अटकेचं. 'सेलचा रंग वेगळ्या रकान्यात आणणे' हे मोरे भाऊसाहेबांच्या बदलीचं. 'मिळत्याजुळत्या नावांची जुळणी' हे कलम तर आपल्यासाठीच घातलेलं असावं, कारण सुनील आणि सुनिल, पाटील आणि पाटिल, सौ. आणि श्रीमती, आडनाव आधी आणि आडनाव नंतर, एवढ्या सामग्रीतून आपण एका माणसाचे आठ लाभार्थी सहज करू शकतो. आणि जी सुविधा मिळाली तर आपण खरोखर आनंदानं पैसे मोजू, ती यादीत बहुधा नसतेच. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत भरलेल्या मजकुरात पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलीत बसलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की मराठीही गेलं. सातासमुद्रापारच्या साधनाला यातलं काहीच दिसत नाही. ते ती अक्षरं इमानेइतबारे जेसनमध्ये उतरवतं आणि वर 'रूपांतर यशस्वी' अशी हिरवी खूण करतं.

इथपर्यंत दोष आपला, हे मान्य करायला मी तयार आहे. पण आरोपपत्रात काही कलमं अशीही आहेत ज्यांत आरोपी आपण नसतो आणि तरी दंड आपल्यालाच होतो. जमिनीचा सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३. कुणीही शहाणा माणूस ते '१२/३' असं लिहील. एक्सेल ते वाचतं, त्याला माणसाची कीव येते, आणि ते सेलमध्ये '१२ मार्च' लिहून मोकळं होतं. आत साठवतं तो मात्र दिवसांचा क्रमांक, कारण एक्सेलच्या लेखी प्रत्येक तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. नोंद २०२४ साली केली असेल तर त्या शेताचा सर्व्हे नंबर आता ४५३६३ झाला. शेजारचा ४५/२ मात्र वाचतो, कारण ४५ तारीख कुठल्याच महिन्यात नसते. एका बांधापलीकडं सर्व्हे नंबर आणि अलीकडं मार्च महिना, अशी ही मोजणी. त्यातही ज्या दिनदर्शिकेवर हा सगळा हिशेब चालतो तिच्यात १९०० सालच्या फेब्रुवारीला २९ दिवस आहेत. ते साल लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या प्रोग्रॅममधून आली आणि जुन्या फायली बिघडू नयेत म्हणून एक्सेलनं ती जशीच्या तशी जपली. आपल्या फायली बिघडू नयेत याची अशी काळजी कुणी घेतली असती तर किती बरं झालं असतं.

हा त्रास फक्त तलाठ्यालाच होतो असं नाही. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशा संक्षेपांची मानवी जनुकं होती आणि एक्सेलनं त्यांच्याही तारखा केल्या. २०१६ साली 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात एक पाहणी आली. सोबत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलला ही खोड बंद करायचा पर्याय त्यानंतर तीन वर्षांनी मिळाला. तोवर मानवजातीनं आपल्या जनुकांची नावं एका हिशेबी साधनाच्या सोयीनं बदलून घेतली होती. शून्याचीही तीच कथा. मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड घ्या. कांद्याचा ०७०३, आंब्याचा ०८०४, हळदीचा ०९१०. एक्सेलच्या मते आकड्याच्या डावीकडच्या शून्याला काही किंमत नसते, म्हणून नाशिक, देवगड आणि सांगली या तिघांचाही माल निर्यातीच्या कागदांत शून्य गमावून बसतो. बारा अंकी आधार क्रमांक साध्या सेलमध्ये भरला की '१.२३४५७ई+११' असा दिसतो, आणि तशीच फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर, म्हणून जतन केली की जे दिसतं तेच उतरतं, बाकीचे आकडे कायमचे जातात. यावर उपाय साधा आहे, 'हा आकडा नव्हे, मजकूर आहे' एवढं साधनाला सांगता आलं पाहिजे. पण बऱ्याच दरपत्रकांत प्रकार आपोआप ओळखणं ही एक प्रगत सुविधा असते आणि तो स्वतः ठरवू देणं ही दुसरी. म्हणजे यंत्रानं अंदाज करावा म्हणून एकदा पैसे द्यायचे आणि करू नये म्हणून पुन्हा.

ओळींची मर्यादा हे तर निव्वळ टोलचं कलम. मोफत चौकटीत कुठं शंभर ओळी, कुठं पाचशे, कुठं हजार. पाचशे एकाव्या ओळीपाशी यंत्राला धाप लागते असं नाही. तिथं नाका उभारलेला असतो म्हणून गाडी थांबते. खरीखुरी, तांत्रिक मर्यादा काय असते ते इंग्लंडनं २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाहिलं. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्हीत येत होते आणि तिथली सार्वजनिक आरोग्य संस्था ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींत भरत होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींनंतर जागाच नसते. जागा संपली तशा पुढच्या नोंदी गळत गेल्या आणि १५,८४१ बाधित रुग्ण आठवडाभराच्या दैनंदिन आकडेवारीतून गायब झाले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही तेवढाच उशीर झाला. एक्सेलच्या नव्या फाइलीत १०,४८,५७६ ओळी मावतात आणि हा नवा प्रकार २००७ पासून आहे. त्या जुन्या फायलींनी निदान मर्यादा गाठली की हळूच माना टाकल्या. दरपत्रकातली मर्यादा मात्र गाठताक्षणी कार्डाचा क्रमांक मागते. दोन्हींपैकी अधिक सभ्य कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बाकीच्या सुविधा पाहिल्या तर त्यांना लागणारा खर्च आणि त्यांची किंमत यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. 'मागच्या वेळची जुळणी लक्षात ठेवणे' हीच घ्या. कुठला रकाना कुठल्या नावाला जोडायचा हे एकदा सांगितलं की ते जपून ठेवायला यंत्राला चार ओळींची फाइल पुरते. पण दर महिन्याला तोच तक्ता पाठवणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं या चार ओळींत त्याची एक दुपार असते, आणि साधनवाल्याला हे ठाऊक असतं. मोफत चौकटीतलं साधन म्हणून दरमहा तुम्हाला नव्यानं भेटतं आणि नव्यानं नाव विचारतं. तिसऱ्या चौकटीत तर कंपनीच्या एकाच पासवर्डानं आत येण्याची सोय आणि कुणी काय बदललं याची नोंद, अशा सुरक्षेच्या साध्या गोष्टी चैनीच्या म्हणून ठेवलेल्या असतात. मंगल कार्यालयवाला हॉलचं भाडं अगदी माफक सांगतो आणि मग भांडी, जनरेटर, खोल्या आणि सफाई यांचे आकडे शेवटच्या कागदावर येतात, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच, की लग्न एकदाच होतं आणि तक्ता दर महिन्याला येतो.

यावर पहिला आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पोट आहे, सर्व्हरला वीज लागते, मग पैसे घेतले तर बिघडलं कुठं? काहीच नाही. उलट शीर्षकाच्या दोन मजल्यांतून रकान्याचं खरं नाव काढणं, अर्ध्या तारखा दिवस आधी आणि अर्ध्या महिना आधी लिहिलेल्या असताना कुठली कुठली ते ठरवणं, '१,२५,०००' हे स्वल्पविरामांनी तुटलेले तीन रकाने नसून सव्वा लाख आहेत हे ओळखणं, हे खरोखर कष्टाचं काम आहे. अमेरिकन मांडणी लावलेल्या संगणकावर ३ एप्रिलसाठी लिहिलेलं ०३/०४ निमूटपणे ४ मार्च होतं आणि १३/०४ ला तेरावा महिना नाही म्हणून ते मजकूर बनून पडून राहतं. एकाच रकान्यात निम्म्या चुकीच्या तारखा आणि निम्मे बरोबर मजकूर. हा गुंता सोडवणाऱ्याला पैसे दिलेच पाहिजेत. माझी तक्रार या कष्टाच्या मोबदल्याविषयी नाही. माझी तक्रार अशी, की त्याच यादीत, त्याच अक्षरांत, त्याच टिकमार्काखाली शून्य जपणं आणि पाचशे एकावी ओळ वाचणं हेही बसवलेलं असतं. कष्ट आणि कुलूप यांची बेरीज करून एकच आकडा सांगितला, की कशाचे किती हे विचारण्याची सोय उरत नाही.

दुसरा आक्षेप हौशी लोकांचा. एवढी कुरकुर कशाला, फुकटची साधनं पडली आहेत की! आहेतच. ओपनरिफाइन २०१० मध्ये मेटावेब या कंपनीत जन्मलं, त्याच वर्षी ते कंपनीसकट गुगलकडे गेलं आणि २०१२ मध्ये गुगलनं ते सोडल्यापासून स्वयंसेवक ते ओपनरिफाइन या नावानं चालवतात. मिळतीजुळती नावं शोधून एकत्र करणं, म्हणजे आपल्या आठ सुनील पाटलांचा एक सुनील पाटील करणं, ही त्याची खासियत, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यात तक्त्यांच्या कामासाठी पांडाज आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी दिवसाला तीन प्रपत्रं आणि दोन व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठका, उरकणाऱ्या लिपिकानं पायथॉन शिकावं ही अपेक्षा ज्यानं कधी व्हीसी केली नाही तोच करू शकतो. शिकायला लागणारा वेळ हीसुद्धा किंमतच आहे, आणि ती टाळायला कुणी मासिक भाडं भरलं तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. मात्र त्यानं पैसे भरण्यापूर्वी आपल्याच एक्सेलमध्ये एकदा डोकवावं. २०१६ पासून विंडोजवरच्या एक्सेलच्या 'डेटा' या मेनूत पॉवर क्वेरी आहे. तिच्यात रिकामे सेल वरच्या नावानं भरणं, आडवे पसरलेले हप्ते उभे करणं आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार स्वतः ठरवणं, हे एकेका क्लिकचं काम आहे. ती केलेल्या पायऱ्या लक्षातही ठेवते, पुढच्या महिन्यात फक्त 'रिफ्रेश' म्हणायचं. ज्याचे पैसे एकदा दिले आहेत तेच दुसऱ्याकडून भाड्यानं आणणारे लोक असतील तर मधल्या चौकटीवरची लोकप्रियतेची पट्टी खरीही असू शकेल.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. तक्ता मुळातच नीट भरा म्हणणं सोपं, पण तो तक्ता यंत्रासाठी भरलेलाच नसतो. तो साहेबांसाठी भरलेला असतो. साहेबांना बैठकीत पान उलटताना प्रत्येक गावाची बेरीज लगेच दिसायला हवी, शीर्षक मधोमध हवं आणि अडचणीची प्रकरणं पिवळी हवीत. दुमजली शीर्षक ही कागदी नोंदवहीची रीत आहे, आणि १९७९ साली व्हिजिकॅल्कनं वैयक्तिक संगणकावर पहिल्यांदा चौकटी आखल्या तेव्हा त्या हिशेबाच्या कागदाची जागा घेण्यासाठीच आखल्या होत्या. तेव्हा लिपिकाला दोष देण्यात अर्थ नाही, हे मला पटतं. पण म्हणूनच उपायही पटायला हवा. जपायचा तक्ता आणि दाखवायचा तक्ता हे दोन वेगळे ठेवायचे. जपायच्या तक्त्यात एका ओळीत एकच नोंद आणि एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसचा पाया याच तत्त्वावर घातला आणि २०१४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकम यांनी नीटनेटक्या माहितीवरच्या आपल्या निबंधात हेच पुन्हा समजावून सांगितलं. साहेबांचं पान त्यावरून पिव्होट टेबल करून काढायचं, हवं तेवढं पिवळं करायचं. अडचण एकच आहे. शिस्त फुकट असते आणि फुकट गोष्टीचं बिल कुठल्याच हेडखाली टाकता येत नाही. वर्गणीचं टाकता येतं.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो सध्या सगळ्यात मोठ्यानं केला जातो. आता एआय आलं आहे, ते सगळं आपोआप ओळखेल. पुष्कळसं ओळखेलही, 'एकूण' हा माणूस नव्हे हे त्याला बहुधा कळेल. पण 'निरंक'चं काय करणार? आपल्या तक्त्यांत तीन वेगवेगळी मौनं असतात. 'निरंक' म्हणजे विचारलं आणि काही नव्हतं. रिकामा सेल म्हणजे विचारलंच नाही. 'लागू नाही' म्हणजे विचारण्याचा प्रश्नच येत नव्हता. जेसनमध्ये या तिघांसाठी शून्य, नल आणि मुळात नसलेली नोंद अशा तीन स्वतंत्र जागा आहेत. पण मोरे भाऊसाहेबांनी त्या दिवशी घाईत यांतलं कुठलं कुठं वापरलं हे कुठल्याही वर्गणीत मिळत नाही. आणि जी चूक नीटनेटकी दिसते ती कुणीच ओळखत नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० मधल्या निबंधानं सरकारी कर्जाविषयीच्या चर्चेला जगभर दिशा दिली. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्यानं त्यांचा तक्ता उघडला तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देश घ्यायचेच राहिले होते असं दिसलं. वाद त्याहून मोठा होता आणि अजूनही आहे, पण मुद्दा एवढाच, की ती चूक मर्ज केलेल्या सेलमुळं किंवा पिवळ्या रंगामुळं झालेली नव्हती, आणि तो तक्ता कुठल्याही साधनात घातला असता तर हिरवी खूणच मिळाली असती. यंत्र आपल्या तक्त्याचा अंदाज करू शकतं, आपल्या मनातलं विचारून घेऊ शकत नाही.

तेव्हा निकाल असा. ज्या सुविधेत कुणाचे तरी कष्ट आहेत तिचे पैसे खुशाल द्या आणि घासाघीस करू नका. ज्या सुविधेत फक्त कुलूप आहे तिच्यासाठी कार्ड काढण्यापूर्वी खिडकी उघडी आहे का ते पाहा. बहुतेक वेळा असते. आणि दोन्हींच्या आधी आपला तक्ता एकदा यंत्राच्या नजरेनं वाचा. शीर्षकाची ओळ एकच ठेवा. गावाचं नाव प्रत्येक ओळीत लिहा, त्याला शाई लागत नाही. बेरजा दुसऱ्या शीटवर न्या. सर्व्हे नंबर, आधार आणि एचएसएनचे रकाने भरण्यापूर्वीच 'टेक्स्ट' करून घ्या, भरल्यानंतर नव्हे, कारण गेलेलं शून्य परत येत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. पिवळ्या रंगाला जे म्हणायचं असेल ते त्याला एका रकान्यात शब्दांनी म्हणायला लावा. शेरा मात्र राहू द्या, कारण आपल्याकडे अर्धी माहिती तिथंच असते. फक्त 'पाहणे' असं लिहून ठेवलं असेल, तर काय पाहायचं, कुणी पाहायचं आणि कधीपर्यंत पाहायचं एवढं त्यापुढं लिहा. जगातल्या कुठल्याही प्रो चौकटीत याचं उत्तर मिळत नाही, आणि ज्यांच्या अर्जावर तो शेरा पडला आहे ते लोक अजून वाट बघत आहेत.